मायनस नऊची काच

दुपारी तीनच्या सुमाराला चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तिरपं ऊन यायचं. घासून ठेवलेल्या काचांमधून ते भिंतीवर पाण्यासारखं हलत राहायचं, आणि काचा घासणाऱ्या बाईला वाटायचं, आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी बसून काम करतोय. अशाच एका दुपारी तिच्या फोनवर दादाचा चेहरा उगवला.

सहा वर्षांनी. आईच्या शेवटच्या आजारपणात तो बोटीवरची नोकरी सोडून आला नाही, म्हणून ही त्याला नाही नाही ते बोलली होती. तेव्हापासून दोघांत अबोला. आताचा नंबर अनोळखी होता, पण चेहरा त्याचाच, आवाजही त्याचाच.

"ठमे, कशी आहेस?"

ठमी म्हणणारं त्याच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिचा हात काचेवरच थांबला.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "मी यायला हवं होतं."

हे वाक्य तिने मनातल्या मनात इतक्यांदा त्याच्या तोंडी घातलं होतं, की आता ते ऐकताना आपण झोपेत तर नाही ना, अशी तिला शंका आली. फोन बंद झाल्यावर ती कितीतरी वेळ भिंतीवरचा उजेड बघत बसली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तो पुन्हा आला. लहानपणीचं काही काढलं की नुसता हसायचा आणि विषय बदलायचा. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "क्रिप्टोचं एक ॲप आहे. त्यातलं यंत्र स्वतःच खरेदी-विक्री करतं, चुकत म्हणून नाही. थोडे टाकून तर बघ." तिने टाकले. पैसे वाढावेत म्हणून नाही, इतक्या वर्षांनी आलेल्या भावाचा शब्द मोडवेना म्हणून. संध्याकाळपर्यंत स्क्रीनवरचा आकडा भरतीसारखा चढत गेला.

तिसऱ्या दिवशी तो घाईत होता. "सगळी बचत आजच टाक, सहापर्यंतच मुदत आहे. आणि वहिनीजवळ बोलू नकोस, तिला यातलं काही कळत नाही."

"बरं," ती म्हणाली. आणि सवयीने तिची नजर त्याच्या चष्म्यावर गेली.

दादाचा नंबर मायनस नऊ. त्याच्या काचा वर्षानुवर्षं तिनेच घासलेल्या. एवढ्या नंबरच्या काचेतून समोरच्याला गालाची कड आत सरकलेली दिसते, जणू चेहऱ्याचा तेवढाच तुकडा सुटून आत बसलाय. इथे मात्र गालाची रेघ काचेतून सरळ खाली उतरली होती.

"दादा, नंबर उतरला का रे तुझा?"

"नाही गं. होता तेवढाच आहे."

"मग चष्मा काढ बघू जरा. डोळे बघू देत तुझे."

चेहरा क्षणभर थबकला. मग हात वर आला, आणि बोटं चष्म्यापाशी पोचताच धुरासारखी विरली. गालही त्यांच्याबरोबर थोडा वाहून गेला आणि परत जागेवर आला.

"नेटवर्क खराब आहे," आवाज म्हणाला. "वेळ घालवू नकोस, ठमे."

तिला भीती नंतर वाटली. आधी वाटलं, निदान ती माफी तरी खरी असायला हवी होती. तिने फोन बंद केला आणि दादाचा जुना नंबर लावला. वहिनीने उचलला.

"वन्सं?" वहिनीने आवाजावरून ओळखलं.

हिने सगळं सांगितलं. वहिनी ऐकत गेली, मग हळूच म्हणाली, "त्यांच्या निवृत्तीच्या भाषणाचा व्हिडिओ मीच नेटवर टाकला होता. त्यावरूनच बनवला असणार हा खोटा चेहरा नि आवाज. हल्ली एवढंही पुरतं म्हणे त्या लोकांना."

"पण ठमी कसं कळलं त्यांना?"

"भाषणात म्हणाले होते ना. माझी ठमी आज इथे हवी होती, म्हणून."

खोलीत ऊन हलत होतं. पलीकडे फोन हातातून हातात गेला.

"पैसे दिलेस का त्यांना?" हा आवाज खरखरीत होता, आणि जरा चिडलेला.

"थोडे."

"आता एक दमडी देऊ नकोस. आधी बँकेला कळव, मग सायबर पोलिसांकडे तक्रार कर. आत्ता." मग आवाज जरा खाली आला. "रडतेस काय?"

"नाही."

"बरं."

तिने त्याच दुपारी दोन्ही केलं. तोवर ॲपमधून काही काढता येईना. काढायचे तर आधी आणखी भरा, असा निरोप यायला लागला होता. गेलेले परत मिळाले नाहीत, बचत मात्र वाचली.

दादा आता दर रविवारी फोन करतो. माफीचं त्याने अजून एकदाही काढलेलं नाही. मध्यंतरी हिने सुचवलं, आपण दोघांत एक खुणेचा शब्द ठरवू, म्हणजे पुन्हा कुणी फसवणार नाही. ठरवला. पुढच्या रविवारी तिने विचारला, तर तो नुसताच घसा खाकरत राहिला.

"विसरलो बुवा," शेवटी म्हणाला. "काहीतरी भाजीचं नाव होतं का?"

भाजीचं नव्हतं. ती हसत सुटली, आणि तो कशाला हसतेस म्हणून कुरकुरत राहिला.