गाडीचा वाटा

"बोंबील पाघळाय लागले, नले! तुझा नवरा हाय कुठं?"

हिरानं पाटीवरचं ओलं फडकं उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा झाकलं. दांडीच्या किनाऱ्यावर ऊन चढलं होतं. होड्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. पाट्या भरून बायका रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या आणि त्यांना बाजारात नेणाऱ्या वामनच्या पिकपचा पत्ता नव्हता. पापलेट एक वेळ वाट बघतं, ओला बोंबील बघत नाही.

"मनोरला गेल्यात," नलू म्हणाली. "पेट्रोल घालाय."

"का? बोयसरचा पंप आटला?"

"त्यांना पायजे ते बोयसरला मिलत नाय."

बायका हसल्या. नलूला हसू आलं नाही.

वामनची पिकप म्हणजे लष्करानं मोडीत काढलेली जुनी जीप, मागचं अंग कापून फळ्यांचा हौदा ठोकलेली. त्या काळी पेट्रोल दोन तऱ्हेचं मिळे, एक साधं आणि दुसरं त्याहून महाग, त्र्याण्णव नावाचं. बोईसरच्या कॉलनीतले एक साहेब पापलेट निवडता निवडता बोलून गेले होते, "मी माझ्या गाडीला त्र्याण्णवशिवाय दुसरं घालत नाही." साहेबांची गाडी नवी कोरी होती, हे वामनच्या लक्षात राहिलं नाही. वाक्य तेवढं राहिलं. तेव्हापासून टाकी तळाला गेली की हा माणूस पालघर ओलांडून, मासवण मागं टाकून थेट मनोरला, हायवेवरच्या पंपावर जायचा. जाता-येता किती जळतं हा हिशेब त्याच्यापुढं काढायची सोय नव्हती.

बोईसरच्या जिव्या मेकॅनिकनं एकदा बॉनेट उघडून सांगितलं होतं, "मामा, ह्या म्हाताऱ्या इंजिनाला साधं काय नी भारी काय, सारखंच. भारी पेट्रोल नव्या गाडीला. तुमी टायर बदला. गाढवाला गुळाची चव काय?"

"गाढव कोनाला बोलतो रे?" म्हणून वामननं मेकॅनिकच बदलला.

"पयली किल्ली काढली तरी आचके देत ऱ्हायची," तो भेटेल त्याला सांगायचा. "आता बघ, कशी गप बसते." हा फरक त्याच्याखेरीज कुणाला कळला नव्हता. नलू घरात शांतता राहावी म्हणून मान हलवायची.

नुसती हौस असती तर तिनं कधीच मोडून काढली असती. पण दांडीत मासळीचे वाटे पडतात तेव्हा माणसांच्या वाट्यांबरोबर एक वाटा होडीचाही निघतो. तिचं तेल, तिची दोरखंडं, तिची डागडुजी त्यातून व्हायची. होडीचा वाटा खाऊ नये, असं म्हातारे सांगत आले. वामनच्या घरानं तो एकदाच खाल्ला. त्यांची लेक हंसा तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली होती आणि तापानं फणफणली होती. पालघरच्या डॉक्टरची इंजेक्शनं महाग होती. नलूच म्हणाली होती, "होडीचं फुडच्या साली बघू." पुढच्या साली कुजलेल्या तळाची होडी खाडीच्या तोंडाशी फुटली. माणसं पोहून आली. पण स्वतःच्या होडीचा तांडेल वामन दुसऱ्यांच्या होड्यांवर हाताखाली राबू लागला. पिकप आली तेव्हा त्यानं पहिल्याच दिवशी ठरवलं, आधी गाडीचा वाटा, मग घर. नलूला वाटायचं, आपल्या हातून झालेलं हा माणूस पेट्रोलनं धुतो आहे. म्हणून ती गप्प होती.

तेवढ्यात चिंचणीच्या पुंडलिकचा डिझेल टेम्पो येऊन थांबला. "चला, बसा! बोंबलांची चटनी व्हायच्या आदी बाजार गाठू."

एकही बाई उठली नाही. नलूचा हात लाभाचा म्हणून गाडीत पहिली पाटी तिची चढायची आणि मग बाकीच्यांच्या. सगळ्या तिच्याकडं बघू लागल्या.

"जरा थांबू," नलू म्हणाली. पुंडलिकनं टेम्पो सावलीला घेतला आणि विडी पेटवली.

वामन आला तो खुशीत, हॉर्न वाजवत. इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. "टाकी फुल्ल! आता बघा कशी पळते!"

"आजपासनं साधं घाला," नलू म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. "बायका रोज थांबनार नाय. पाट्या गेल्या तर गाडीला काय घालाल नी आपन काय खानार?"

चार बायकांत बोललेलं त्याला झोंबलं. समोर पुंडलिक विडी ओढत बघत होता.

"तू मना शिकवतेस? होडीचा वाटा तूच खाल्लास! तुझ्यापायी गेली माजी होडी!"

नलूच्या पाठीशी हंसा उभी होती, डोक्यावर पाटी घेऊन. आता आईच्या बरोबरीनं बाजार करणारी. होडी फुटल्याचं तिला माहीत होतं. का फुटली, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाटीखालचा तिचा चेहरा उतरला.

"माज्यापायी नाय," नलू म्हणाली. "हिच्या इंजेक्शनांपायी गेली. पोर वाचली ना? का होडी वाचाया पायजे होती?"

वामननं तोंड उघडलं. 'पोर' एवढा एक शब्द पुरला असता. तसा तो दुष्ट नव्हता, पण हट्टानं माणूस आंधळा होतो.

"बसा चला," तो म्हणाला. "गाडी तापलीय."

नलू आपल्या पाटीशी वाकली. मग म्हणाली, "हिरा, हात लाव."

दोघींनी पाटी उचलली आणि पुंडलिकच्या टेम्पोत चढवली. मागोमाग एकेक पाटी चढत गेली. कुणी हसलं नाही, कुणी वामनकडं पाहिलंही नाही.

शेवटी राहिली हंसा. ती पिकपकडं आली तसा वामन घाईनं हौद्याची फळी खाली करायला धावला. हंसानं पाटी डोक्यावरच ठेवली. कमरेची पुरचुंडी सोडून तिनं ती ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली.

"भाकरी हाय. खाऊन घ्या, बाबा," ती म्हणाली आणि टेम्पोत जाऊन आईशेजारी बसली.

टेम्पो वळणाआड गेला. वामन बराच वेळ फळी धरून उभा होता. मग त्यानं खिडकीतून हात घालून किल्ली काढली. गाडीनं दोन आचके दिले, तिसरा दिला, आणि मग थांबली.