गार इंजिनाची भीती

उद्या सकाळी मी सुरू होईन ना? या एका काळजीने रोज रात्री माझा डोळा लागत नाही. गाडीला कसली झोप, असं तुम्ही म्हणाल. पण दिवे मालवले म्हणजे मी निवांत पडलेय, असं कुणी समजू नये.

मी एक पिकअप गाडी बोलतेय. डिझेलवर चालणारी, पुढे माणसांना बसायला दोन रांगा, मागे उघडा हौदा. रंग पांढरा, म्हणजे मुळात पांढरा. वय विचारू नका. बाजारात माझं वय किलोमीटरमध्ये सांगतात आणि तेही सोयीने कमी करून.

मी उपजत भित्री नव्हते. कारखान्यातून निघाले तेव्हा चांगली तोऱ्यात होते. पण पहिला मालक मिळाला काचवाला. खिडक्यांच्या मोठमोठ्या काचा तो माझ्या हौद्यात उभ्या बांधायचा आणि खड्डा दिसला की स्टिअरिंगवर थोपटत म्हणायचा, "हळू गं बाई, हळू." वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर कोण धीट राहील? खड्डा दिसायच्या आधीच मी अंग चोरायला लागले. पण त्याने मला जपलं. तेल वेळेवर, पाणी वेळेवर. त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने दुकान बंद केलं आणि मला विकलं. निघताना त्याने वळून पाहिलं नाही. मला वाटतं, त्याला ते जमलंच नसतं.

दुसरा मालक खडीवाला. त्याला काचेचं सोडा, कशाचीच पर्वा नव्हती. डिझेलच्या गाडीला गारठ्यात उठायचं तर आधी आतून ऊब लागते. ती देणारे बोटाएवढे हीटर प्लग इंजिनात असतात. माझे एकेक करून गेले, त्याने बदलले नाहीत. मग रोज सकाळी मजुरांनी मागून ढकलायचं, मी खोकायचं आणि त्याने आत बसून माझा उद्धार करायचा. दुपारी मी अगदी गुणी असायचे. पण माझी दुपार कुणी लक्षात ठेवली नाही.

शेवटी मी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे आले. पत्र्याची शेड, आत ओळीने उभ्या आमच्यासारख्या थकलेल्या, आणि कुंपणापलीकडे गाड्या कापायचं काम. कटरचा तो आवाज सुरू झाला की माझे आरसे थरथरायचे. जी विकली जात नाही ती तिकडे जाते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. व्यापारी तसा हसतमुख माणूस. गिऱ्हाईक यायचं असलं की तो मला आधीच सुरू करून तापवून ठेवायचा. तापलेली मी एका हाकेत उठायचे आणि तो म्हणायचा, "बघा, लोण्यासारखी."

मी गप्प राहायचे. कटर मलाही ऐकू येत होता.

एका सकाळी ते तिघं आले. बाप मधमाश्या पाळणारा. फुलोरा येईल तिकडे पेट्या न्यायच्या, रानात तंबू ठोकायचा आणि पेट्यांशेजारी राहायचं, असा त्याचा धंदा. आई काळजीने बारीक झालेली. आणि चार वर्षांची मुलगी, जिला बाप मुंगी म्हणायचा. गेल्या हंगामात तो एकटाच गेला होता. परत आला तेव्हा मुंगी त्याला ओळखत नसल्यासारखी आईच्या मागे लपली. तेव्हापासून दोघांनी ठरवलं होतं की या वेळी तिघांनी जायचं. पण गारठ्यात मुंगीची छाती भरून यायची, श्वास लागायचा. रानातून दवाखाना लांब. त्यामुळे आईला गाडीचा रंग, टायर, गाणी वाजतात का, यातलं काही नको होतं. थंड सकाळी ती पहिल्या फटक्यात सुरू व्हायला हवी होती, एवढंच.

हे सगळं मला तिच्या बोलण्यातून कळलं आणि माझ्या अंगातलं उरलंसुरलं अवसान गळालं. ज्या एका गोष्टीची मला धास्ती, नेमकी तीच ही बाई मागत होती.

"फोनवर सांगितलं होतं, आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका," ती म्हणाली.

"ताई, तुमचा फोन आल्यापासून चावीला हात नाही लावला."

खोटं. त्याने मला तासभर तापवलं होतं आणि वरून बोनेटवर बादलीभर पाणी ओतून पुसून घेतलं होतं. आईने बिचकत बोनेटवर हात ठेवला. पत्रा गार. तिने ओशाळून हात मागे घेतला.

"झालं समाधान?" बाप हौद्यात वितीने मोजत म्हणाला. "पेट्यांचे दोन थर बसतील. तंबू वर."

"मला आपलं उगाच वाटतं रे. मी फ्रिज घेतानाही असंच केलं होतं."

"फ्रिज गार आहे का ते बघत होतीस. निदान तेव्हा बरोबर होतं."

मला ओरडावंसं वाटत होतं. बाई, मी आतून तापलेय, मला घेऊ नकोस. आणि त्याच वेळी, मला इथे सोडूनही जाऊ नकोस. या दोन भीतींच्या कात्रीत मी उभी होते, आणि हॉर्नसुद्धा दुसऱ्याच्या हातात.

मुंगी माझ्या पुढच्या जाळीपाशी आली. तिची उंचीच तेवढी. जाळीतून माझा गरम श्वास तिच्या गालावर गेला. तिने आई करते तसा उलटा हात माझ्या जाळीला लावला, मग स्वतःच्या कपाळाला, मग पुन्हा मला.

"आई, हिला ताप आलाय."

व्यापारी हसला. "ऊन लागलं असेल." पण मी तर सावलीत उभी होते.

आई वाकली. जाळीला हात लावून ती क्षणभर तशीच राहिली. मग उठून म्हणाली, "चावी माझ्याकडे द्या. उद्या सकाळी येतो. गार असताना बघू."

"ताई, गाडी घेताय की सून?"

"सुनेला रोज ढकलावं लागत नाही."

बाप हौद्यातून खाली उतरला आणि पहिल्यांदाच त्याने माझ्याऐवजी बायकोकडे नीट पाहिलं. व्यापाऱ्याने निमूट चावी दिली.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. आईने चावी फिरवली. मी खोकले. पुन्हा फिरवली, नुसताच पांढरा धूर. किती प्रयत्न झाले ते मी मोजले नाहीत. शेवटी उठले ती कापत, कण्हत. पलीकडे कटर सुरू झाला होता.

"हीटर प्लग गेलेत," व्यापारी मान खाली घालून म्हणाला. "बाकी इंजिन खरंच चांगलंय, ताई."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आज आला असता का?"

तिने मला बंद करून चावी मुठीत धरली. माझं आयुष्य त्या मुठीत अडकलं होतं. मग म्हणाली, "नवे घाला. माझ्यासमोर. आणि आणखी एका सकाळी मला ही गार हवी."

त्या सकाळी मी उठले. तिने आणखी एका सकाळी येऊन पाहिलं. तेव्हाही उठले. मग त्यांनी मला घेतलं.

आता मी रानात उभी आहे. भोवती पिवळा फुलोरा, शेजारी पेट्या, पलीकडे तंबू. जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: सकाळी जा, आणि वाकून हात लावा. आम्ही खोटं बोलत नाही, आमच्या वतीने बोललं जातं.

आज पहाटेपासून हाडं गोठवणारा गारठा आहे. मुंगी उठली ती घरघरत. आईने तिला औषधाचा पंप दिला, शालीत गुंडाळून शेजारच्या सीटवर बसवलं. बाप मागे बसला. आईने चावी घातली. पहिल्यांदा मी नुसती गुरगुरले. तिने डोळे मिटले, आतली ऊब वाढू दिली, पुन्हा चावी फिरवली.

मी उठले.

आईने दोन्ही हात स्टिअरिंगवर टेकले आणि त्यांच्यावर कपाळ. मग मुंगीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "झाली बघ सुरू. आता घाबरायचं नाही हं."

मुंगीने शालीतून हात काढून आधी आईच्या गालाला लावला, मग माझ्या डॅशबोर्डला.

"मी कुठे घाबरले? तुम्ही दोघीच घाबरला होता."