भिंगापुढचा काळा पंखा

मित्रांनो, मी एक जुना हातपंखा आहे, पण वारा घालणे हे काही माझे काम नव्हते. माझे काम अंधार करण्याचे. बांबूच्या काड्यांवर कागद चिकटवून मला बनवले, तेव्हा माझ्या अंगावर लाल मासे पोहत होते. तांदळाच्या दुकानदाराने उन्हाळ्यात गिऱ्हाइकांना फुकट वाटलेल्या पंख्यांतला मी एक. शिगेओ नावाच्या सायकल दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी मला घरी नेले आणि त्याच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी काळा रंग फासला. त्यांची बायको तोमिए चिडलीच.

"अहो, चांगला पंखा होता की! घरात दुसरं कुणी मिळालं नाही का तोंड काळं करायला?"

"कॅमेऱ्यासाठी हवा होता."

"मग त्या कॅमेऱ्याचंच करायचं!"

उन्हाळ्याच्या सुट्टीत पितर घरी येतात असे आमच्याकडे मानतात, त्या दिवसांत आमच्या नदीवर दारूकाम होते. शिगेओ कॅमेरा स्टँडवर लावत, शटर उघडेच ठेवत आणि भिंगापुढे मला धरत. वर गोळा फुटला की मी बाजूला. उजेड विरला की मी पुन्हा भिंगावर. असे केले की एकाच फोटोत चार-पाच फुले एकत्र उमलतात. फक्त पांढऱ्या गोळ्यांचे भय. त्यांचा उजेड इतका की फोटो करपून जातो. म्हणून पांढरे काही दिसले रे दिसले, की शिगेओंचा हात मला झटकन भिंगावर आणी. वर्षानुवर्षांच्या सरावाने तो हात डोक्याला विचारेनासा झाला होता.

फोटोंचे कौतुक झाले. ते न्हाव्याच्या दुकानात लागले, नगरपालिकेच्या जिन्यात लागले. मला कोणी विचारले नाही, पण आपल्यावाचून अडते याचा मला केवढा ताठा होता! आमच्या मागे चटईवर तोमिए बसलेली असे. सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा सोलून लेकीला भरवायची आणि नवऱ्याच्या पाठीशी बोलायची.

"चिहारु, तुझ्या बाबांचं नाक कसं आहे गं? मला बाई पाठच तेवढी ओळखू येते."

सगळे हसत. शिगेओही हसत, पण वळत नसत.

पुढे चिहारु मोठी होऊन शहरात गेली. शिगेओंची कंबर धरली, स्टँड उचलवेना. मी कपाटामागे पडलो. कडा कुरतडल्या गेल्या, रंगाचे पोपडे निघाले. किती उन्हाळे गेले कोण जाणे.

मग एकदा शिगेओंनी मला ओढून काढले. तोमिए आजारी होती. पानगळ काही तिला दिसायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आमच्याकडे माणूस गेले की त्याचा फोटो चौकटीत घालून अंत्यविधीला आणि मग घरात सर्वांपुढे ठेवतात. तो फोटो तोमिए स्वतःच शोधायला बसली. खोकीच्या खोकी उपसली. सगळीकडे आकाश. लग्नानंतरचा तिचा एकटीचा धड एक फोटो निघाला नाही. शिगेओ जमिनीकडे बघत उभे राहिले.

"आई, स्टुडिओत जाऊ या का?" चिहारुने विचारले.

"मुळीच नाही. ज्या उजेडापायी जन्मभर माझ्याकडे पाठ केली, त्याच उजेडात माझा फोटो काढा म्हणावं. नाहीतर चौकट रिकामी ठेवा."

मित्रांनो, ती संध्याकाळ आठवली की अजून माझ्या काड्या आखडतात. ऐन उन्हाळ्यात पांघरूण घेऊन तोमिए चाकाच्या खुर्चीत बसली होती. कॅमेरा तिच्याकडे आणि शिगेओंची पाठ आकाशाकडे. रोल एकच, कारण तसा रोल आता दुकानात मिळतच नव्हता. त्या दिवशी वारा पडलेला. धूर जागचा हलेना. हिरवा, तांबडा उजेड धुरातून गाळून तिच्या गालापर्यंत पोचेपर्यंत मरून जाई. वर गोळा फुटला, मी बाजूला झालो, की नेमकी तिला उबळ येई.

"हलू नकोस गं, तोमिए!"

"मला काय सांगता? खोकल्याला सांगा!"

एकेक फोटो वाया जात होता. शिगेओंच्या घामाने माझा दांडा निसटत होता. शेवटी रोलवर एकच जागा उरली. दारूकामाच्या अखेरीस नदीवर आडव्या ताणलेल्या दोरीवरून पांढऱ्या ठिणग्यांचा पडदा खाली सोडत, तेवढाच बाकी होता. "आता शेवटचा पांढरा पडदा," ते पुटपुटले. "दिवसासारखा उजेड पडेल. फक्त डोळे उघडे ठेव." त्यांनी शटर उघडले. मी भिंगावर होतो. नदीभर सुंईऽऽ आवाज झाला आणि तोमिएचा चेहरा पांढराशुभ्र उजळला. मी बाजूला झालो आणि त्याच क्षणी, पांढरे दिसताच, शिगेओंचा हात मला पुन्हा भिंगावर घेऊन आला.

मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो. काढा! मला काढा हो! ती समोर आहे! इतका उजेड पुन्हा नाही! पण मी कागदाचा. सगळा पडदा नदीत विझेपर्यंत मी तिच्या आणि भिंगाच्या मध्ये तसाच राहिलो.

"गेलं," शिगेओ म्हणाले. "तोमिए, मी झाकलं. मीच झाकलं गं." ते उभ्या उभ्या रडू लागले.

दारूकाम संपले की दोन्ही काठांवरचे लोक फोनचे दिवे हलवून दारू उडवणाऱ्या कारागिरांना धन्यवाद देतात. आईच्या खुर्चीशेजारी उभ्या चिहारुनेही फोन उंच केला होता, त्याचा उजेड आईच्या तोंडावर पडत होता. तोमिएने हात लांब करून मला नवऱ्याच्या मुठीतून हिसकावले.

"आणा तो इकडे. उकडतंय मला."

जन्मात पहिल्यांदा मी वारा घातला. तिने स्वतःला घातला आणि मग पुढे वाकून त्यांना.

"रडता काय? निदान तोंड तरी दिसलं तुमचं."

ती तशीच त्यांच्याकडे बघत राहिली. शटर अजून उघडे आहे हे बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी लक्षात आले.

पाने लाल व्हायच्या आत तोमिए गेली. रोल धुऊन आला तेव्हा सगळे धुरकट होते. शेवटच्या फोटोत मात्र ती होती. ओठ टोमणा मारायला उघडलेले, डोळे ओले, आणि हनुवटीवरून गेलेला एक काळा फराटा. चौकटवाला म्हणाला, "हा डाग पुसून देतो, फोटो स्वच्छ होईल." माझा जीव टांगणीला लागला.

"पुसू नका," चिहारु म्हणाली. "तो डाग नाही. तो आमचा पंखा आहे."

आता शिगेओ रोज सकाळी तिच्यापुढे ताजा भात ठेवतात आणि तिच्याकडे तोंड करून बसतात, दुपारपर्यंत. ती काही बोलत नाही. मित्रांनो, मला सांभाळा असे मी म्हणणार नाही, माझे आता थोडेच राहिले आहे. पण तुमच्या घरात कोणी तुमच्या पाठीशी बोलत असेल, तर तुमच्या पाया पडतो, आज वळा.