चौथा माइक

गडगडाट कोणत्या माइकला आधी ऐकू आला आणि कोणत्याला नंतर, यावरून वीज कुठे पडली ते काढायचं, हे तिचं काम. चार दिशांना चार माइक लावलेले. चौथा टेकडीवर, पंपघराबाहेर. त्याची वाऱ्याने उडालेली टोपी बसवायला त्या दुपारी तिचे बाबा गेले. निवृत्त माणूस, पण घरात स्वस्थ बसेल तर शपथ! तिने खिडकीतून वर पाहिलं आणि "पाऊस नाही येत एवढ्यात" असं छातीठोकपणे सांगून त्यांना जाऊ दिलं.

वीस मिनिटांत खिडकी पांढरीफटक झाली. पाठोपाठ काचा थरथरल्या. संगणकाने नकाशावर लाल ठिपका टाकला. टेकडीवर, अगदी पंपघरापाशी.

तिने बाबांना फोन लावला तर तो तिच्याच टेबलावर वाजला. बाबा विसरून गेले होते.

तिने हेडफोन चढवले आणि चौथ्या माइकची नोंद ऐकली. कानठळ्या बसवणारा कडकडाट, आणि मग नुसता पाऊस. ज्या माणसाला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही, त्याचा हूं नाही की चूं नाही. काही सुचेना म्हणून तिने दोन नंबरचा माइक लावला. तो ओसाड खाणीत होता, तिथे चिटपाखरूही नसायचं.

तिथे कुणीतरी शिंकलं. एकामागून एक, तीनदा.

"कार्टी! म्हणे पाऊस नाही येत! मोठी शास्त्रज्ञ! आता थांबेपर्यंत या पंपघरातून हलत नाही मी!"

तिला क्षणभर कळेना. मग तिने कपाळावर हात मारला. सकाळी पुसायला काढलेल्या केबल तिनेच परत लावल्या होत्या, दोनची चारात आणि चारची दोनात. वीज पडली होती ती खाणीत. इतकी ढोबळ चूक तिने कधी केली नव्हती, आणि कुठल्याच चुकीचा तिला इतका आनंद झाला नव्हता. जीव भांड्यात पडला.

केबल लगेच बदलायला हव्या होत्या. पुढचा गडगडाट बाबांच्या बडबडीत वाया जाणार होता. जाऊ दे! तिने आवाज वाढवला, आणि डोळे पुसत स्वतःचा उद्धार शेवटपर्यंत ऐकत बसली.