सरजाबाईंच्या डोक्यावरचा जादा फेटा

मी एक फेटा बोलतोय. तोही रेडिमेड. हातानं फेटे बांधणारे कारागीर माझं नाव निघालं की नाक मुरडतात. मुरडू देत. त्यांना एक डोकं बांधायला दहा मिनिटं लागतात, मला टोपीसारखं नुसतं वर ठेवलं की झालं. जिथं पाहुणेच दोन तास उशिरा येतात, तिथं ही दहा मिनिटं आणायची कुठून?

माझा जन्म लातुरातल्या एका बोळातला. मला शरणम्मा नावाच्या बाईंनी घडवलं. रेडिमेड फेटा आधी कशावर तरी बांधून मग टाके घालून पक्का करावा लागतो. बाकीचे त्यासाठी लाकडी ठोकळा वापरतात, शरणम्मांनी नवरा वापरला. गुरुपादप्पा खुर्चीत पेपर वाचत बसायचे आणि शरणम्मा त्यांच्या डोक्याभोवती मोरपंखी कापड गुंडाळून, वर तुरा काढून, मागं शेमला सोडून शिवत सुटायच्या. बातमी वाचून गुरुपादप्पांनी मान हलवली की सुई टोचायची.

"हलू नका म्हणलं ना! डोकं तुमचं असलं तरी फेटा गिऱ्हाइकाचा हाय."

त्यामुळं माझं माप गुरुपादप्पांच्या डोक्याचं. मागं थोडं इलॅस्टिक आहे, तेवढ्यात बाकीच्यांनी भागवून घ्यायचं.

त्यांचा मुलगा रुद्रेश आम्हाला कार्यक्रमांना भाड्यानं नेतो. गेल्या सहा वर्षांत मी दीडदोनशे डोक्यांवर बसलो असेन. पद मिळालं की माणसाचं डोकं मोठं होतं असं लोक म्हणतात, ते साफ खोटं आहे. मी मापून पाहिलंय. डोकं तेवढंच राहतं, फक्त आरशापुढचा वेळ वाढतो. बाहेरून मोरपंखी असलेला मी आतून पार काळा झालोय, तो पुढाऱ्यांच्या केसांच्या कलपामुळं. आणि "छे छे, माझा सत्कार कशाला?" असं जो म्हणतो, तोच सगळ्यांच्या आधी मान पुढं करतो, हेही मी पाहून ठेवलंय.

तर आता मुद्द्याचं. मागच्या मे महिन्यात लातूरच्या एका मंगल कार्यालयात दीपमाळ ग्रामसेवा मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता. वार्षिक सभाही त्यातच उरकून घ्यायची होती. समाजकार्यात आयुष्य घालवलेल्या सहा ज्येष्ठांचा सत्कार ठरला होता. सहा फेट्यांची ऑर्डर आली. मग दोन दिवस आधी मंडळाचे सचिव राजशेखर सर यांचा रुद्रेशला फोन आला.

"एक फेटा कमी करा. सहाव्या बाई वारल्या."

रुद्रेशनं तरीही सहा घेतले. कार्यक्रमात ऐनवेळी कुणाचा तरी साडू मंचावर निघतोच, हा त्याचा अनुभव. पाच फेटे मंचामागं गेले आणि मी जादा म्हणून खोक्यात राहिलो. खोकं घेऊन रुद्रेश शेवटच्या रांगेत बसला.

थोड्या वेळानं एक म्हाताऱ्या बाई आल्या. पांढरं लुगडं, निळे काठ, पायांत रबरी चपला. बरोबर फाइल घेतलेली तिशीतली एक बाई.

"लेकरा, हितं कोन बसलंय का?"

"फेटा हाय मावशी. उचलतो की."

"असू दे, मी घेते मांडीवर." आणि मला खोक्यासकट मांडीवर घेऊन त्या बसल्या.

त्या होत्या सरजाबाई. नांदेडपलीकडच्या उमरीहून पहाटेच्या एसटीनं निघालेल्या. चाळीस वर्षांपूर्वी मंडळाच्या वतीनं त्यांनी उमरीत पत्र्याच्या एका खोलीत मुलींचं वसतिगृह सुरू केलं होतं. त्याच खोलीत लहानाची मोठी झालेली बुद्धप्रिया आता तिथं अधीक्षिका होती. ती फाइल तिचीच. त्या दोघींचं बोलणं थेट माझ्या डोक्यावरच चाललं होतं, म्हणून मला सगळं कळलं. वसतिगृह जूनपासून बंद करायचं, असं मंडळाच्या कार्यकारिणीनं मार्चमध्ये ठरवलं होतं. इमारत रस्त्याला लागून, कुणालाही भाड्यानं जाईल अशी. आत होत्या अडतीस पोरी. दिवाळीनंतर त्यांचे आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात जातात. वसतिगृह बंद झालं की पोरीही कोयता घेऊन बरोबर जाणार. ते थांबवा, असा अर्ज सभेत द्यायला त्या आल्या होत्या.

"अर्ज तुमी वाचता का बाई?" बुद्धप्रियानं विचारलं.

"तूच वाच. मी वाचले का भांडन होतंय, मागच्या टायमाला बघितलीस न्हवं."

तेवढ्यात मंचावर एक तसबीर आणून ठेवली. हार घातला, उदबत्ती लावली. तसबिरीतल्या बाई पस्तिशीच्या होत्या, केस काळेभोर. बुद्धप्रिया ताडकन उठली. "बाई! तुमचा फोटू!"

सरजाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "हाव की. बरा आलाय."

अध्यक्ष सटवाजीराव माइकपाशी आले. गडी गलेलठ्ठ, आवाज भरदार. ते म्हणाले, "सत्काराच्या आधी एक दुःखद कर्तव्य. उमरीच्या आमच्या सरजाबाई आपल्याला सोडून गेल्या."

आता बुद्धप्रिया ओरडणार, इतक्यात सरजाबाईंनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिचं तोंड उघडंच राहिलं.

"गप. काय बोलून राहिलाय ते ऐकू दे."

मी पुष्कळ भाषणं ऐकलीत. पण आपल्याच शोकसभेत इतक्या मजेत बसलेलं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. सटवाजीराव म्हणाले, बाई म्हणजे मायेचा सागर. बाई पुटपुटल्या, "मागच्या टायमाला मला हेकट म्हनला व्हता." ते म्हणाले, बाईंचा शब्द आम्ही कधी खाली पडू दिला नाही. बाई म्हणाल्या, "उचलला तरी कवा?" शेजारी बसलेल्या रुद्रेशच्या आता सगळं ध्यानात आलं होतं. हसू आवरेना म्हणून त्यानं रुमाल तोंडात कोंबला होता. पुढच्या रांगेतल्या एकानं तो पाहून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पण सरजाबाईंनी खोक्याची कड दाबून दाबून पार चेपवली होती, हे एकट्या मला ठाऊक. "वसतिगृहाचं बोल बाबा," त्या हळू आवाजात म्हणत होत्या. "आता वसतिगृहाचं बोल."

आणि सटवाजीराव बोलले. भरल्या सभेत माणूस वाहवत जातो, तसे ते वाहवत गेले. "मी या सुवर्णमहोत्सवी सभेत ठराव मांडतो! उमरीचं वसतिगृह सरजाबाईंची स्मृती म्हणून मंडळ कायम चालवील. सर्वांनी उभं राहून हा ठराव संमत करावा!"

साडेतीनशे माणसं उभी राहिली. सरजाबाईही उभ्या राहिल्या, मला पोटाशी धरून, मान खाली घालून. दोन मिनिटांच्या मौनात एकाचा फोन वाजला, बाकी सगळं शांत. राजशेखर सरांनी ठराव वहीत उतरवला. शेजारी पाहिलं तर बुद्धप्रिया रडत होती आणि सरजाबाई तिला कोपरानं ढोसत होत्या.

"रडू नगंस. चल, फाइल ठेव ती. अर्जाचं काम न्हाई आता."

मग पाच ज्येष्ठांच्या डोक्यांवर माझी पाच भावंडं चढली. टाळ्या झाल्या. त्या थांबल्या तशा सरजाबाई मधल्या वाटेनं मंचाकडं निघाल्या. मी अजून त्यांच्या काखेत. मागून रुद्रेश. माइकपाशी जाऊन त्या म्हणाल्या, "जय भीम. मी सरजाबाई, उमरीची."

सटवाजीरावांनी एकदा तसबिरीकडं पाहिलं, एकदा बाईंकडं. मग ते दोन पावलं मागं सरकले.

"भिऊ नगा," सरजाबाई म्हणाल्या, "पाय सरळच हायत माझे."

पुढची पाच मिनिटं मंचावर नुसता गोंधळ होता. त्या झाडाझडतीत खरा प्रकार बाहेर आला. चारच दिवसांपूर्वी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बाईंच्या वाढदिवसाचा जुना फोटो टाकला होता, भोवती फुलांची चौकट काढून. एकानं फुलं पाहिली, मजकूर वाचला नाही आणि खाली लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." मग एकसष्ट जणांनी तेच लिहिलं. भेटायला राजशेखर सर जाऊन आले असतील असं सटवाजीरावांना वाटलं, सटवाजीराव जाऊन आले असतील असं राजशेखर सरांना. बाईंकडं बटणांचा फोन, आणि बुद्धप्रिया त्या ग्रुपात नव्हती.

"माफी असावी बाई," सटवाजीराव घाम पुसत म्हणाले. "राजशेखर सर, तो शोकठराव रद्द लिहा."

"कामून?" सरजाबाईंनी विचारलं.

"अहो, आम्ही स्मृती म्हणून बोललो होतो. तुम्ही तर हयात आहात. वसतिगृहाचं काय ते कार्यकारिणीत..."

"म्हंजे मी मेले तर पोरी शाळेत, आन् मी जगले तर पोरी उसात?"

राजशेखर सरांनी उचललेलं पेन परत खाली ठेवलं.

"मी या मंडळाची सभासद हाय, पहिल्या सालापासनं," सरजाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्तच ऐकू आला. "सभेचा ठराव मोडायला सभाच लागती. सभा तर बसलीच हाय. घ्या मत. बाई जित्ती हाय म्हनून वसतिगृह बंद करा, असं ज्याला ज्याला वाटतंय त्यानं हात वर करावा."

आता फेट्यांची एक गोष्ट सांगतो. मे महिन्यात आमच्यामुळं डोक्याला फार खाज सुटते. मंचावरच्या पाचही ज्येष्ठांच्या फेट्यांखाली खाज सुटली होती, मला ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. पण खाजवायला हात वर न्यावा लागतो. पाचही जण दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. साडेतीनशे माणसांत एकानंही हात वर केला नाही. एरवी भाषणात हात हवेतून खाली न येणारे सटवाजीरावही हाताची घडी घालून उभे राहिले.

"लिवा सर," सरजाबाई म्हणाल्या. "शोकठराव कायम."

राजशेखर सरांनी लिहिलं. मग रुद्रेशनं मला त्यांच्या हातून घेतलं आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलं. त्यांचं डोकं लहान, केस पांढरे, कलपाचा पत्ता नाही. इलॅस्टिक असूनही मी घसरून भुवयांवर आलो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात हलकं डोकं होतं. कुणी म्हणालं, बाई, दोन शब्द बोला. त्या म्हणाल्या, "नांदेडची गाडी साडेचारला हाय."

आणि तशाच निघाल्या, मला घेऊन. रुद्रेश दारापर्यंत धावत आला. "मावशी, फेटा भाड्याचा हाय!"

"उमरीला ये, न्यायला."

आठ दिवसांनी तो खरंच आला. पोरींनी त्याला बसवून पिठलं-भाकरी खाऊ घातली. जाताना त्यानं मला उचललं, आत बाहेर पाहिलं आणि परत खुंटीवर ठेवलं. बुद्धप्रियाला म्हणाला, "आईला सांगतो, एक फेटा कामाला लागला म्हनून."

तेव्हापासून मी इथंच आहे. मंडळानं दारावर पाटी लावली. राजशेखर सर नियमाचे पक्के, ठरावात होतं तेच त्यांनी रंगवून घेतलं: 'कै. सरजाबाई स्मृती कन्या वसतिगृह'. सरजाबाई संध्याकाळी त्याच पाटीखाली बसून शेंगा निवडतात. कुणी 'कै.' पुसायला निघालं की ओरडतात. "हात लावू नगंस त्या पाटीला! त्येच्यावरच तर सगळं उभं हाय."

माझं म्हणाल तर तुरा मोडलाय, शेमल्याचं एका पोरीनं बाहुलीला लुगडं केलंय. माझी तक्रार नाही. सत्कार करणाऱ्यांना एकच विनंती आहे. फेटा कमी करण्याआधी एकदा त्या माणसाच्या घरी जाऊन या. आणि जे शोकसभेत द्यायचं ठरवलंय, ते घेऊनच जा.

या जूनमध्ये सहा पोरी नव्या आल्या. त्यांतली सर्वांत धाकटी, वर्षाराणी, पाचवीतली. आई तिला सोडून गेल्यावर दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी बोट ठेवत ठेवत तिनं पाटी वाचली, मग शेंगा निवडणाऱ्या सरजाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, तुमी मेलात म्हनून मी शाळेत हाय व्हय?"

"हाव माय," सरजाबाई म्हणाल्या. "पन मला सारखं सारखं मरनं जमायचं न्हाई. तवा अभ्यास कर."