श्तेफ्काच्या कपाटातली टाकी

मी टाकी बोलतेय. कोटांच्या कपाटात, दांडीच्या वरच्या कोपऱ्यात बसलेली पांढुरकी, चपटी टाकी. अंगावर दोन रेघा आहेत, एक वर आणि एक खाली. माझं पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये असलं की मी सुखात असते.

हे कपाट एका मोटरहोममधलं आहे. चूल, पलंग, न्हाणी सगळं पोटात घेऊन फिरणारी ही गाडी. माझं पाणी गॅसच्या बंबात तापतं, भिंतीकडेच्या नळ्यांतून घरभर फिरतं आणि गार होऊन परत येतं. त्याच बंबात, एका पातळ भिंतीपलीकडे, नळाचं पाणीही तापतं. बाहेर बर्फ असला तरी आत मोजे वाळतात, ते माझ्यामुळे. थोडा गर्व आहे मला त्याचा, उगाच कशाला लपवू?

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते राय्को आणि त्याची बायको श्तेफ्का यांच्या घरी. राय्कोने तीस वर्षं ट्रक चालवला होता. निवृत्तीचे पैसे आले तसे त्याने ही गाडी घेतली आणि दर मार्चला दोघं स्कीच्या उड्यांची स्पर्धा बघायला प्लानित्साला जाऊ लागली. तिथे माणसं स्कीवरून पाखरासारखी हवेत झेपावतात. सगळा देश झेंडे घेऊन खाली उभा असतो आणि दुपारी प्रत्येक गाडीतून सॉसेज उकडल्याचा वास येतो.

काही वर्षांनी माझं पाणी गढूळ झालं. ते बदलायचं, तर थंडीत गोठू नये म्हणून त्यात अँटीफ्रीझ हवं. राय्कोने ट्रकचा उरलेला डबा काढला. आयुष्यभर हेच ओतलं, म्हणाला. श्तेफ्का शाळेत स्वयंपाक करायची, डब्यावरचं वाचल्याशिवाय काही उघडायची सवयच नव्हती तिला. तिने चष्मा लावला, डबा उलटसुलट केला आणि खाली ठेवला.

"हे विष आहे, राय्को. वर गोडही आहे, जिभेला कळणारसुद्धा नाही. बंबात तुझं ते पाणी आणि माझं नळाचं पाणी यांच्यात केवढी भिंत आहे? उद्या ती चिरली तर? माझ्या चहात उतरलं तरी चालेल, असंच काहीतरी घाल."

राय्को दोन दिवस फुगून बसला. मग शेजारचा लोय्झ आला. आमच्याकडे दर शरदात घरोघरी आलुबुखारांची दारू गाळतात आणि लोय्झच्या दारूचं नाव तर चार गावांत होतं. "माळ्यावर ठेवतो मी, कधी गोठली नाही. पिताही येते. आणखी काय हवंय तुझ्या बायकोला?" राय्कोला ते पटलं. दोघांनी मिळून ती माझ्यात ओतली आणि उरलेली स्वतःत.

पहिल्यांदा बंब पेटला आणि माझी पंचाईत झाली. दारू पाण्याच्या आधीच उकळायला लागली. झाकणातून वाफ निघाली, फेस उतू गेला आणि सगळा श्तेफ्काच्या निळ्या लोकरी कोटावर सांडला. तिने तो पुसला, वाळवला आणि रविवारी तोच घालून भाचीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये गेली. पाद्रीबाबांनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना?

परत आल्यावर ती राय्कोशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी स्वतःच हसत सुटली.

गाडी दाखवायला नेली तेव्हा मेकॅनिकने कपाळावर हात मारला. दारूची वाफ आणि शेजारी गॅसची ज्योत, गाडी उडाली नाही हेच नशीब, म्हणाला. त्याने मला आणि सगळ्या नळ्यांना धुऊन काढलं. मग अशा बंबांसाठीच केलेलं, प्रॉपिलिन ग्लायकॉल नावाचं गुलाबी अँटीफ्रीझ आणलं आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करून भरलं. चुकून चहात उतरलं तरी याने जीव जात नाही, एवढं त्याने श्तेफ्काला खात्रीने सांगितलं. रंगावर जाऊ नका, विषारीसुद्धा असंच गुलाबी मिळतं, नाव वाचा, आणि यात दुसरं काही मिसळू नका, असंही बजावलं. श्तेफ्काने माझ्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली: 'माझ्या चहात चालेल तेच.'

मग किती छान वर्षं गेली! ती रोज सकाळी दार उघडून माझी रेघ बघायची आणि मला "शाबास" म्हणायची. माणसाला नाही म्हणायची इतक्या वेळा.

गेल्या शरदात श्तेफ्का गेली. हृदय थांबलं, झोपेतच.

या मार्चला राय्को एकटाच गाडीत आला. माझं पाणी खालच्या रेघेखाली गेलं होतं. त्याच्या हातात ट्रकचा तो जुना डबा होता. मला धडकी भरली. गेल्या महिन्यापासून माझं गुलाबी पाणी थेंबाथेंबाने नळाच्या पाण्यात उतरत होतं. बंबातली भिंत चिरली होती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

त्याने न बघता झाकण काढलं. "आता चहाला आहे कोण," तो पुटपुटला. "मी एकटा. मला काहीही चालेल."

डबा वर चढवायला तो आत वाकला, तसं त्याचं तोंड निळ्या कोटात गेलं. आणि तो तिथेच थांबला. इतक्या धुण्यांनंतरही त्या लोकरीला आलुबुखारांचा वास येतो. त्याचे खांदे हलत होते. आधी वाटलं रडतोय, मग वाटलं हसतोय. दोन्ही असावं.

मग त्याने मुठीतलं झाकण उलटं केलं आणि चिठ्ठी वाचली. डबा खाली ठेवला.

"बरं बाई," तो कोटाला म्हणाला. "तुझंच घालतो."

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी मेकॅनिककडे नेली. भरण्याआधी तपासताना मेकॅनिकला चीर सापडली. बंब बदलला. मी पुन्हा दोन रेघांच्या मध्ये आहे.

आता मी म्हातारी झालेय, पिवळी पडलेय. तुमच्या गाडीतही माझी एखादी बहीण असेल, तर डब्यावरचं नाव वाचून मगच तिचं झाकण उघडा. आणि राय्कोच्या माणसांना माझं एकच सांगणं आहे: मला खुशाल बदला, पण तो निळा कोट पुन्हा धुवायला नेऊ नका.