तारेचा आकडा

बायकोची तेरवी आटोपून ताराचंद मिलमध्ये परतला, तेव्हा त्याच्या दोन्ही मागांवर नवे धोटे होते.

खात्याचा मुकादम, जॉबर भैयाजी म्हणाला, "तू वहिनीपाशी दवाखान्यात होता तवा बदलीवर बळीराम होता. लोक कुरकुर करून राहिले होते, म्हणून बदलले."

ताराचंदला समजलं. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी बसवली की धाग्याचं टोक बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी भोकाला तोंड लावायचं आणि श्वासानं धागा ओढायचा. सगळे विणकर तसंच करत. धोटे या मागावरून त्या मागावर जात, म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडी. सूतखात्यात सगळ्या जातींची माणसं होती. विणाईत मात्र कोष्टीच. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातला, इंदोरा वस्तीतला, सूतखात्यातून आलेला बळीराम तिथला पहिलाच.

"कामाले कसा आहे?" ताराचंदनं विचारलं.

"चांगला आहे, तेच तं वांधं. कामात खोट असती तं कवाच काढला असता."

खात्यात एक कायमची जागा रिकामी होती; आता बळीराम तिथले माग चालवत होता आणि ती त्यालाच मिळेल असं दिसत होतं. लोक काम बंद पाडायच्या गोष्टी करू लागले. तंटा नको म्हणून ताराचंदनं मधला मार्ग काढला. बारीक तार वाकवून आकडा केला आणि बळीरामच्या हातात दिला.

"यानं धागा काढत जाय. तोंड लावू नको. छातीत कचराही जात नाही."

बळीराम आकड्याकडे पाहत राहिला. "सगळेच वापरतीन का, काका?"

"तू सुरू कर. मंग पाहू."

लोक गप्प झाले. भैयाजीनं ताराचंदच्या पाठीवर थाप मारली. आज आपल्या हातून एक चांगलं काम झालं, हे बायकोला, जनाबाईला सांगावं असं मनात घोळवतच तो घरी आला. दाराचं कुलूप पाहिल्यावर ती नाही हे आठवलं.

आकड्यानं धागा एका झटक्यात येत नसे. कधी तुटे, कधी निसटे, आणि तेवढा वेळ माग उभा राही. महिनाअखेर बळीरामचं कापड सगळ्यांत कमी भरलं. भैयाजीनं त्याला सांगितलं, सोमवारपासून परत सूतखात्यात.

जेवणाच्या सुट्टीत बळीराम नळावर ताराचंदला गाठून म्हणाला, "काका, तुमी बोला ना भैयाजीले."

"काय बोलू? तुहा हात अजून बसला नाही."

"हात बसला नाही? तुमचे माग मी चालवले, तवा कापड कमी भरलं होतं का?"

ताराचंदनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. या पोराचं काम कोणी बिघडवलं हे त्याला तिथंच, नळावर, कळलं. लोक नुसते कुरकुरले होते. खोट त्यानं स्वतःच्या हातानं वाकवून दिली होती.

सुट्टी संपल्यावर तो भैयाजीसमोर जाऊन उभा राहिला. "कापड काहून कमी भरलं, ते मी साहेबाले सांगतो."

"साहेबाले काहून मधात आणतं? माह्यावर शेकन ते." भैयाजी हलक्या आवाजात म्हणाला. मग आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं बोलला, "एवढा कळवळा आहे, तं लाव ना त्याच्या धोट्याले तोंड."

बळीराम मागावरच होता. त्यानं कांडी बसवली, आकडा न घेता तोंडानं धागा ओढला. मग धागा परत आत सारून धोटा ताराचंदपुढे धरला.

ताराचंदनं धोटा घेतला. हात वर गेला आणि ओठांजवळ थांबला. फार वेळ नाही, पण बळीरामनं पाहिलं. मग ताराचंदनं तोंड लावून धागा ओढला. घशाला नेहमीसारखाच कचरा लागला.

"आकडा बंद," तो म्हणाला. "याचे धोटे माह्या मागावर येतीन, माहे याच्या. ज्याले चालत नसन त्यानं मले सांगावं."

भैयाजी पुटपुटला, "साहेबाकडे नको जाऊ, गा. राहू दे त्याले इथंच."

पाळी सुटल्याचा भोंगा झाल्यावर दोघं सायकली काढत होते. बळीरामनं आभार मानले नाहीत. त्यानं विचारलं, "काका, धंतोलीच्या दवाखान्यात मी डबा आणून दिला होता. काकूनं खाल्ला का?"

हो म्हणता आलं असतं. खोटं ठरवायला आता कोणी उरलं नव्हतं.

"तिनं मागतला होता," ताराचंद म्हणाला. "वांग्याचा वास चांगला येते म्हणे. मी नाही दिला. चौकीदाराले देऊन टाकला."

बळीरामनं काढलेली सायकल परत भिंतीला टेकवली.

"मायनं केला होता," तो म्हणाला. "डबा धुऊन वापस आला, तं काकूनं खाल्ला समजून लय खूश झाली होती ती."